स्लॅब फोडायचा की कापायचा? मागे काय उरणार त्यावर ठरवा

अंगणातला तडकलेला कोबा पूर्ण उखडायचा आहे. गळका पाइप बदलायला न्हाणीघराच्या जमिनीत चर मारायचा आहे. घरातूनच वरच्या मजल्यावर जिना न्यायचा म्हणून छताच्या स्लॅबला चौकोन पाडायचा आहे. तिन्ही ठिकाणी काढायचे काँक्रीटच, पण तिन्ही कामे एकाच यंत्राने उरकायला गेलात तर दोन तरी बिघडतील. चौकशी करायला गेले की बोलणे बहुधा यंत्राच्या ताकदीवरच घसरते: ब्रेकर (ठोके देऊन काँक्रीट फोडणारे यंत्र) किती किलोचा, ब्लेड किती इंची. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे. काँक्रीट काढून झाल्यावर जागेवर काय उरणार आहे? काहीच उरणार नसेल तर बिनदिक्कत फोडा. शेजारी फरशी, भिंत किंवा स्लॅबचाच भाग राहणार असेल तर आधी कापा, मग फोडा.

पण त्याही आधी पाहायचे ते हे, की स्लॅब जमिनीवर टेकलेला आहे की अधांतरी. जमिनीवरच्या स्लॅबचे वजन खालचा भराव पेलतो, त्यामुळे त्यातला तुकडा काढला तरी बाकीचा जागेवर बसून राहतो. भिंतींवर किंवा तुळयांवर टाकलेल्या स्लॅबचे तसे नाही. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण त्याची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी. तो ताण सळ्या घेतात. दोन आधारांच्या मधल्या भागात या सळ्या स्लॅबच्या तळाशी असतात, तर बाहेर आलेल्या बाल्कनीत किंवा छज्जात मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात. बाल्कनीचा उतार नीट करायला वरचा थर 'थोडासा' तासताना त्या सळ्या कापल्या गेल्या, तर अख्खी बाल्कनी खाली येऊ शकते. म्हणून अधांतरी स्लॅबला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरने नकाशा पाहिलेला हवा, कुठे कापायचे ते आखून दिलेले हवे आणि खाली टेकू लागलेले हवेत. स्लॅब पोस्ट-टेन्शन पद्धतीचा, म्हणजे आत ताणलेल्या केबली असलेला निघाला तर काम तिथेच थांबवा. ताणलेली केबल तुटली की प्रचंड जोराने उसळते आणि जवळ असलेल्याचा जीव घेऊ शकते.

आता फोडण्याकडे वळू. साधारण १०० मिमीपर्यंत जाड, सळ्या नसलेला कोबा घण आणि पहारीनेही निघतो. त्याहून जाड असेल किंवा आत जाळी असेल तर इलेक्ट्रिक ब्रेकर घ्या. त्याच्या वजनापेक्षा काम कुठून सुरू करता याला जास्त महत्त्व आहे. खाली घट्ट भराव असलेल्या स्लॅबच्या मधोमध ब्रेकर चालवला तर नुसती भोके पडतात, छिन्नी अडकते आणि माणूस दमतो. सुरुवात मोकळ्या कडेपासून करा. कडेखालची माती थोडी उकरा, पहार घालून स्लॅब बोटभर उचलून धरायला सांगा आणि मग कडेपासून वीतभर आत घाव घाला. खाली पोकळी झाली की स्लॅब वाकू पाहतो, त्याच्यावर ताण येतो आणि ताणाला तर तो कच्चाच. मोठमोठी ढेपळे सुटत जातात.

फोडण्याचे फायदे उघड आहेत. खर्च कमी, तयारी थोडी, पाणी लागत नाही, बारीक धूळही करवतीपेक्षा कमी. तोटा असा की तडा कुठे जाईल हे आपल्या हातात नसते. हादरे शेजारच्या टाइलांत, प्लास्टरमध्ये आणि जुन्या पाइपांच्या सांध्यांत जातात. आतली जाळी तुटत नाही, त्यामुळे फुटलेले तुकडे एकमेकांना लटकून राहतात आणि सळ्या ग्राइंडरने वेगळ्या कापाव्या लागतात. ब्रेकर चालवणाऱ्याच्या हातांवरही परिणाम होतो. हादऱ्यांनी बोटे बधिर व्हायला लागली की थांबायलाच हवे, कारण असे वर्षानुवर्षे चालले तर बोटांच्या नसा आणि रक्तवाहिन्या कायमच्या बिघडतात.

कापायचे तर डायमंड ब्लेड, म्हणजे कडेला हिऱ्याचे कण बसवलेली गोल पाती. इथे बहुतेकांचा अंदाज खोलीबाबत चुकतो. ब्लेडच्या व्यासाच्या निम्म्याहूनही कमी भाग आत जातो, कारण मधला दांडा आणि ब्लेड पकडून ठेवणारी चकती आडवी येते. १०० मिमीचा छोटा ग्राइंडर सुमारे २५ मिमी जातो, २३० मिमीचा सुमारे ६० मिमी, तर ३५० मिमी ब्लेडचा हातातला कटर सुमारे १२५ मिमी. म्हणजे घरातल्या ग्राइंडरने १०० मिमीचा स्लॅब आरपार कापता येत नाही, फक्त वरून रेघ मारता येते. पुढे दिसेल की बऱ्याचदा तेवढी रेघही पुरते. लांब आणि सरळ कापायचे असेल तर ढकलत न्यायचा चाकांचा फ्लोअर कटर हातातल्या कटरपेक्षा कितीतरी चांगला, कारण रेघ हलत नाही आणि ब्लेड तिरके होऊन अडकत नाही.

कापण्यातली खरी अडचण धुळीची आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. वाळू-खडीतला सिलिका इतका बारीक होतो की डोळ्यांना न दिसता फुप्फुसात खोल जाऊन बसतो. त्यातून सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये ही धूळ माणसांत कर्करोग करणारी म्हणून नोंदवली. म्हणून बंद खोलीत कोरडे कापायला माझा साफ विरोध आहे. ब्लेडवर सतत पाणी हवे. ते शक्य नसेल तर यंत्राला जोडलेला, बारीक गाळणीचा व्हॅक्युम हवा. दोन्ही वेळा तोंडाला नीट बसणारा रेस्पिरेटर, म्हणजे धूळ गाळणारा मुखवटा हवाच, रुमाल नव्हे. पेट्रोलवर चालणारा कटर घराच्या आत अजिबात नको. दारे-खिडक्या सताड उघड्या असल्या तरी कार्बन मोनॉक्साइड साचतो. पाणी आणि वीज एकत्र आल्यावर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ३० मिलिअँपिअर झाली की पुरवठा तोडणारे बटण लागते. स्लॅबमधून वायरिंगचे पाइप गेलेले असू शकतात, म्हणून त्या भागाची वीज आधीच बंद करा.

चौकोनी भोक पाडताना गोल ब्लेडची मर्यादा कोपऱ्यात कळते. वरून रेघ कोपऱ्यापर्यंत आली तरी तळाशी काँक्रीट शिल्लक असते. ते कापायला ब्लेड कोपऱ्यापुढे नेले की राहणाऱ्या स्लॅबला खाच पडते, कदाचित सळ्याही कापल्या जातात. अधांतरी स्लॅबमध्ये ही खाच धोक्याची, कारण तडे कोपऱ्यातूनच सुरू होतात. त्यावर उपाय कोअर कटिंगचा, म्हणजे नळीसारख्या पोकळ बिटने गोल भोक कापण्याचा: चारही कोपऱ्यांवर आधी गोल भोके पाडायची आणि मग त्यांना जोडणाऱ्या रेघा कापायच्या. पाइपापुरते एकच भोक हवे असेल तर कोअर कटिंगला तोड नाही, हादरा जवळजवळ नसतोच.

भोकांत भरून फुगणारी पावडर ही आणखी एक वाट. तिच्यात मुख्यतः चुना असतो. पाण्यात कालवून भरली की ती साधारण दिवसभरात फुगते आणि काँक्रीट चिरते. जाड पाया किंवा मशीनचा ओटा काढायला ती उत्तम, पातळ स्लॅबला निरुपयोगी. भरलेल्या भोकावर मात्र वाकून पाहू नका, मिश्रण डोळ्यांत उडू शकते.

वजनाचा हिशेब कामाआधीच करा. काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरते, म्हणजे १०० मिमी जाडीचा १ चौरस मीटर तुकडा २४० किलोचा. आरपार कापून अख्खे तुकडे उचलायचे असतील तर ३० सेंमी चौकोनाचे वजन सुमारे २२ किलो, तेच ६० सेंमीचा केला की ८६. फोडलेला राडारोडा मूळ घनफळाच्या साधारण दीडपट जागा घेतो, त्याप्रमाणे गाडी सांगा. ओल्या कापणीचा राखाडी गाळ तीव्र अल्कधर्मी असतो, कातडीला चटका देतो आणि गटारात सोडला तर तिथेच घट्ट बसतो. तो गोळा करून वाळवूनच टाका.

न्हाणीघराच्या चरासारख्या कामाला मी एकच पद्धत सुचवेन. चराच्या दोन्ही कडांवर रेघ कापा. प्रत्येक रेघेच्या आत ५ ते १० सेंमीवर आणखी एक रेघ मारा आणि मधल्या अरुंद पट्ट्या हलक्या हाताने आधी काढून घ्या. आता मधला भाग ब्रेकरने फोडला तरी हादरा राहणाऱ्या कडेपर्यंत पोचत नाही. चराखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा थर असेल तर तो फाटू देऊ नका. फाटलाच तर नवे काँक्रीट ओतण्याआधी जोडून घ्या.

चर बुजवताना एक पेच उरतो. आरपार कापलेली कड गुळगुळीत असते आणि नवे काँक्रीट तिला नीट धरत नाही. वर चालणेच असेल तर कड टाचून खरबरीत केली तरी पुरते. वाहन किंवा जड सामान जाणार असेल तर जुन्या कडेत आडवी भोके पाडून इपॉक्सीने (घट्ट धरणाऱ्या रासायनिक गोंदाने) सळ्यांचे तुकडे बसवा. जमिनीवरच्या, सळ्या नसलेल्या कोब्याला यापेक्षा सोपा मार्ग आहे: जाडीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच कापा आणि खालचे फोडा. वर सरळ रेघ मिळते, खाली नव्या काँक्रीटला धरायला दातेरी कड मिळते, आणि त्यासाठी घरातला मोठा ग्राइंडर पुरतो.