ॲप अडकलं: ‘आमचं काम नाही’ की फुकट तपासणी?

रात्री सिनेमा लावला आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं, की फोन जातो तो इंटरनेटवाल्याला. तिथून दोन तऱ्हेची उत्तरं येऊ शकतात.

एक: ‘राउटरपर्यंत स्पीड बरोबर आहे, ॲपचं ॲपवाल्यांना विचारा.’ हे खोटं नाही. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस वेग सुचवतं. १०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये तो सहज मावतो. विसरलेला पासवर्ड, संपलेलं सबस्क्रिप्शन यात इंटरनेट कंपनीचा काय दोष? शिवाय माणूस घरी पाठवण्याचा खर्च शेवटी सगळ्यांच्या बिलात येतो.

दुसरं: पहिली तपासणी फुकट. मला हेच पटतं. टीव्ही आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती, आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे शेजाऱ्यांचे राउटरही वापरतात त्याच लहरींच्या गर्दीत. ग्राहकाला दिसतं ‘ॲप बंद’. बिघाड असतो वायफायचा, आणि राउटर बहुधा कंपनीनेच बसवलेला. सत्तरीतल्या आजीने हा फरक कसा ओळखायचा? त्यात प्लॅनसोबत ओटीटी जोडून विकलं असेल, तर लॉगिन सुरू करून देणं हे कंपनीचंच काम. घरी येऊन टीव्हीवर नवी ॲप्स टाकून देण्याचे मात्र पैसे खुशाल घ्यावेत, पण आधी सांगून.