त्सुमागोत एक रात्र
जपानमधल्या मागोमे गावाहून साधारण ८ किलोमीटर चालत त्सुमागो या जुन्या गावाला पोचले. वाटेत अस्वलांना दूर ठेवण्यासाठी घंटा टांगल्या आहेत, त्या वाजवत पुढे जायचं. त्सुमागोत दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी. 'विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही' असं गावकऱ्यांनी १९७१ साली ठरवलं, म्हणून इथली जुनी लाकडी घरं टिकली.

मुक्काम एका मिन्शुकूत, म्हणजे घरगुती पाहुणघरात. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. मी विसरले आणि सूप माशाच्या अर्काचं निघालं. आजींनी काही न बोलता वाटी उचलली आणि गोहेइमोची आणून ठेवले: काडीला थापलेला भात, वर अक्रोड आणि मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) खरपूस थर, कडेला जरासा करपलेला. अजून चव जिभेवर आहे. संध्याकाळी दुकानं लवकर मिटतात, मग फक्त पाण्याचा आवाज. दुपारी येऊन परत फिरू नका, रात्री राहा.