दुखापतीनंतर मैदानावर केव्हा? नॉर्डबोर्ड, फोर्सडेक्स आणि डायनॅमो यांचे परीक्षण

गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध शस्त्रक्रियेने नव्याने बसवून घेतलेल्या किंवा मांडीमागचा स्नायू फाटलेल्या खेळाडूला मैदानावर केव्हा सोडायचे, हा निर्णय आपल्याकडे अजूनही बहुतांशी कॅलेंडर पाहून घेतला जातो. सहा महिने झाले, सूज नाही, दुखत नाही, मग खेळायला हरकत नाही, असा तो हिशेब असतो. या हिशेबाला मोजमापाची जोड देणारी यंत्रे गेल्या दहा-बारा वर्षांत प्रयोगशाळेतून फिजिओथेरपीच्या साध्या खोलीत आली. त्यांपैकी ब्रिस्बेनच्या ‘वॉल्ड’ या कंपनीची तीन साधने, म्हणजे नॉर्डबोर्ड, फोर्सडेक्स आणि डायनॅमो, मी फिजिओथेरपिस्ट म्हणून फुटबॉल आणि कबड्डीच्या खेळाडूंसाठी नियमित वापरतो. यंत्रे उत्तम आहेत, हे आधीच सांगून टाकतो. परंतु त्यांच्या पडद्यावर सर्वांत ठळक दिसणारा आकडा, म्हणजे दोन पायांतील टक्केवारीचा फरक, हाच त्यांतला सर्वांत कमी भरवशाचा आकडा आहे, असे माझे मत झाले आहे.

नॉर्डबोर्डचा जन्म क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या संशोधनातून झाला. डेव्हिड ओपार आणि अँथनी शील्ड ही त्यामागची प्रमुख नावे. रचना अगदी सोपी आहे. गादी लावलेल्या फळीवर खेळाडू गुडघे टेकून बसतो, त्याचे दोन्ही घोटे स्वतंत्र पकडींत अडकवलेले असतात आणि प्रत्येक पकडीखाली बल मोजणारा सेन्सर असतो. मग कंबर न वाकवता, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे शरीर एका रेषेत ठेवून तो शक्य तितक्या सावकाश पुढे झुकतो. हा नॉर्डिक व्यायाम फुटबॉलपटूंना नवा नाही, कारण फिफाच्या ‘११+’ या सरावक्रमात तो आहेच. नवे आहे ते इतकेच की लांबत जाणारा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, किती बलाने शरीराला धरून ठेवतो, हे डाव्या-उजव्या पायाचे वेगवेगळे न्यूटन या बलाच्या एककात कळते.

या फळीची कीर्ती ज्या अभ्यासांमुळे झाली, ते वाचल्याशिवाय ती विकत घेऊ नये. ओपार आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल या वेगळ्या खेळाच्या २१० अव्वल खेळाडूंवर केलेल्या अभ्यासात, हंगामाच्या पूर्वतयारीच्या सुरुवातीला २५६ न्यूटनपेक्षा कमी बल असणाऱ्यांना हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीचा धोका सुमारे २.७ पट आढळला. पुढच्याच वर्षी टिमिन्स आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील १५२ व्यावसायिक फुटबॉलपटू तपासले. तिथे सीमारेषा ३३७ न्यूटन निघाली. मात्र २०१७ मध्ये कतारमधील ४१३ व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या अभ्यासाने नेमका उलटा कौल दिला: शक्तीच्या चाचण्यांवरून कोण जखमी होईल याचे भाकीत करण्यात काही अर्थ नाही. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवूनच नॉर्डबोर्ड वापरायला हवा. संघातील कोणता खेळाडू जखमी होणार, हे ती फळी सांगत नाही; फाटलेला स्नायू पूर्वीच्या ताकदीला पोहोचला की नाही, हे मात्र ती चोख सांगते.

त्यातही अडचण अशी की ३३७ हा आकडा आता मंत्रासारखा म्हटला जातो. जड खेळाडूचे पुढे झुकणारे वजन मुळातच जास्त, त्यामुळे त्याचे न्यूटनही जास्त येतात. पंचावन्न किलोच्या महिला कबड्डीपटूला ऑस्ट्रेलियातील पुरुष फुटबॉलपटूंच्या सीमारेषेवर नापास करणे हा तिच्यावर अन्याय आहे. वजनाच्या प्रमाणात आकडा पाहावा, आणि त्याहून बरे म्हणजे तिचाच निरोगी हंगामातला आकडा शेजारी ठेवावा. शिवाय ही चाचणी कंबर सरळ ठेवून आणि संथ गतीने होते, तर हॅमस्ट्रिंग बहुधा फाटतो तो भरधाव धावताना, पाय पुढे फेकला जाऊन खुबा वाकलेला असतो आणि गुडघा वेगाने उलगडत असतो त्या क्षणी. म्हणून नॉर्डबोर्डवर उत्तम आकडे आलेल्या खेळाडूलाही पूर्ण वेगाच्या धावांचा टप्पा चुकत नाही. ताज्या दुखापतीत तर या फळीवर पूर्ण जोर लावायला सांगूच नये. तेव्हा गुडघा एका कोनात स्थिर ठेवून केलेली चाचणी पुरते.

फोर्सडेक्स हे तिघांतले सर्वांत समृद्ध साधन. जमिनीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या, बल मोजणाऱ्या दोन सपाट पट्ट्या, प्रत्येकीवर एक पाय, आणि सेकंदाला हजार नोंदी. खेळाडू कमरेवर हात ठेवून खाली बसतो आणि लगेच उसळी मारतो. तेवढ्यात जमिनीवर पडणाऱ्या बलाचा पूर्ण आलेख तयार होतो. उडीची उंची पट्टी मोजत नाही, ती बलावरून काढली जाते: जमीन सोडतानाचा वेग सेकंदाला अडीच मीटर असेल, तर शरीर सुमारे ३२ सेंटीमीटर वर जाते. या गणिताचा पाया म्हणजे उडीआधी स्तब्ध उभे राहून घेतलेले वजन. तिथे खेळाडू जरा हलला आणि वजनात एका टक्क्याची चूक झाली, तर सत्तर किलोच्या माणसाच्या उंचीत दोन सेंटीमीटरच्या आसपास फरक पडू शकतो, आणि तेवढ्यात तो ‘सुधारला’ किंवा ‘घसरला’ ठरतो. चाचणी घेणाऱ्याने त्या एका सेकंदाच्या स्तब्धतेबाबत कठोर राहावे लागते. घाईगर्दीच्या केंद्रात नेमके हेच होत नाही.

एसीएलच्या रुग्णांत या आलेखाने मला जे दाखवले, ते डोळ्यांना दिसत नव्हते. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी उडीची उंची जवळपास पूर्ववत होते, पाहणाऱ्याला उडी सुरेख वाटते, प्रशिक्षक खूश होतो. परंतु खाली बसताना वेग रोखण्याच्या टप्प्यात आणि जमिनीवर परत उतरताना भार मात्र निरोगी पायाकडे सरकलेला असतो. शरीर मोठे हुशार आहे, ते उंची कमी होऊ देत नाही, फक्त काम दुसऱ्या पायाला वाटून देते. कबड्डीच्या चढाईपटूच्या बाबतीत हे गंभीर ठरते, कारण पाय पकडीत अडकलेला असताना त्याला मध्यरेषेकडे वळायचे असते आणि तो भार कोणत्या पायावर घ्यायचा याची निवड तेव्हा त्याच्या हातात नसते.

फूटपट्टीने मोजायची एका पायावरची लांब उडी या बाबतीत फसवी ठरते. दोहा येथील ‘अस्पेतार’ या क्रीडावैद्यकीय रुग्णालयातील संशोधकांनी निरोगी पुरुषांवर दाखवले की पुढे झेपावताना लागणाऱ्या कामात गुडघ्याचा वाटा जेमतेम १२-१३ टक्के असतो, उरलेले काम खुबा आणि घोटा करतात; उतरताना मात्र गुडघ्याचा वाटा ६५ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे उडी किती लांब गेली हे मोजून गुडघ्याबद्दल फारसे कळत नाही. उभ्या उडीत गुडघ्याचा वाटा साधारण एक तृतीयांश असतो, म्हणून फोर्सडेक्सवरील एका पायाची उभी उडी मला जास्त बोलकी वाटते.

डायनॅमो हे हातात धरायचे छोटे यंत्र आहे, आणि एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या फिजिओथेरपिस्टने आधी हेच घ्यावे. खुबा, खांदा, घोटा अशा अनेक सांध्यांची ताकद त्याने मोजता येते. मात्र मांडीच्या पुढच्या स्नायूची चाचणी हाताने विरोध करून घेऊ नये. धडधाकट खेळाडू लाथ झाडतो तेव्हा मोजणारा मागे ढकलला जातो आणि यंत्रात खेळाडूची नव्हे, मोजणाऱ्याची ताकद नोंदली जाते. पट्ट्याने यंत्र खाटेच्या पायाला बांधून, गुडघा ९० अंशांत ठेवून मोजावे. गुडघ्यापासून पट्ट्यापर्यंतचे अंतर दर वेळी टेपने मोजून लिहून ठेवावे, कारण तेच ३०० न्यूटन ३२ सेंटीमीटरवर ९६ न्यूटन-मीटर (सांधा फिरवणारी ताकद) होतात आणि ३० सेंटीमीटरवर ९०. पाय ठरावीक वेगाने हलत असताना ताकद मोजणाऱ्या बायोडेक्ससारख्या आयसोकायनेटिक खुर्चीइतकी माहिती हे यंत्र देत नाही, कारण ते हालचालीच्या पूर्ण पल्ल्यात मोजत नाही. पण ती खुर्ची मोठ्या रुग्णालयाबाहेर क्वचितच दिसते.

आता टक्केवारीविषयी. निरोगी पायाच्या तुलनेत ९० टक्के झाले की पास, असा नियम जगभर चालतो आणि तिन्ही साधनांचे अहवाल तो रंगांत रंगवून दाखवतात. नियम निराधार नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसीएलच्या रुग्णांवरील डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात, ९० टक्क्यांच्या कसोट्या पूर्ण न करता खेळाकडे परतलेल्या ३८.२ टक्के रुग्णांना गुडघ्याची पुन्हा दुखापत झाली, तर कसोट्या पूर्ण केलेल्यांत हे प्रमाण ५.६ टक्के होते. शिवाय नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटले. चाचणी आणि कॅलेंडर दोन्ही लागतात, एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही, हे यातून दिसते.

पण निरोगी पायही या काळात बसून असतो, ही गोष्ट रंगीत अहवालात कुठेच नसते. उदाहरणादाखल आकडे धरू. शस्त्रक्रियेपूर्वी चांगल्या पायाची ताकद ६०० न्यूटन होती. आठ महिन्यांत ती ४८० वर आली, आणि शस्त्रक्रिया झालेला पाय ४४० ला पोहोचला. अहवाल म्हणतो जवळपास ९२ टक्के, हिरवा रंग. मूळच्या ६०० शी ताडले तर ते ७३ टक्के होतात. वेलसँट आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात ७० रुग्णांपैकी ५७.१ टक्के जणांनी नेहमीच्या पद्धतीने सर्व कसोट्यांत ९० टक्के गाठले, परंतु शस्त्रक्रियेपूर्वीच्या चांगल्या पायाशी तुलना केल्यावर हे प्रमाण २८.६ टक्क्यांवर आले. पास झालेल्यांपैकी निम्म्यांचा निकाल केवळ तुलनेचा पाया बदलल्याने बदलला. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरली की त्याआधीच चांगल्या पायाची चाचणी करून ठेवावी, असे मी प्रत्येक रुग्णाला सांगतो. हे काम अर्ध्या तासाचे असते आणि एवढ्या सगळ्या यंत्रसामग्रीत त्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही. संघांनी तर हंगामाच्या आधीच सर्वांच्या नोंदी घेऊन ठेवाव्यात.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात: वापरायला सोपे आहे, जुन्या चाचण्या एका आलेखात दिसतात आणि खेळाडूला स्वतःची रेषा वर चढताना पाहून हुरूप येतो; व्यायामाला कंटाळलेल्या विशीतल्या मुलावर तो आलेख माझ्या बोलण्यापेक्षा जास्त परिणाम करतो. उणीव अशी की एका उडीतून डझनावारी मापे निघतात आणि नवशिक्याला त्यांतली कोणती पाहायची हे कळत नाही. माझ्या मते उडीची उंची, वेग रोखण्याच्या टप्प्यातील डावा-उजवा भार आणि उतरतानाचा भार एवढे पुरे. बाकीची मापे बंद करून ठेवावीत. आलेखात चाचण्यांमधला नैसर्गिक चढउतारही दिसतो, त्यामुळे एका चाचणीवर निर्णय न घेता वेगवेगळ्या दिवशीच्या दोन-तीन चाचण्यांचा कल पाहणे इष्ट.

खर्चाचा विचार करताना यंत्राच्या किमतीबरोबर सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्कही धरावे. एकट्या दवाखान्याला डायनॅमो परवडेल आणि पुरेल. फोर्सडेक्स घ्यावे ते एसीएलचे रुग्ण सातत्याने येत असतील आणि चाचणी घेणारा माणूस बदलत नसेल तर. नॉर्डबोर्ड प्रामुख्याने संघांसाठी आहे; फुटबॉल किंवा अ‍ॅथलेटिक्सचा संघ हाताशी नसेल तर तो कोपऱ्यात पडून राहतो. रुग्ण म्हणून अशा केंद्रात जाणाऱ्याने रंगीत टक्केवारीवर समाधान मानू नये. प्रत्येक पायाचे न्यूटनमधले मूळ आकडे, चाचणी कोणत्या कोनात घेतली आणि पट्टा कुठे बांधला होता, हे सर्व लिहून मागून घ्यावे, म्हणजे पुढची चाचणी दुसऱ्या केंद्रात झाली तरी ती आधीच्या चाचणीशी ताडता येईल.