वर्षाचे पैसे एकदम भरले आणि चार महिन्यांत नेट बंद

एकूण 8,579 रुपये. वर्षाचा प्लॅन 5,999, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 7,079, वर राउटरचं डिपॉझिट 1,500. बँकेत 31 वर्षं कॅशियर होतो, हे लिहायलाही लाज वाटते.

पण आमच्या गल्लीत पर्याय होता कुठे? सांगलीच्या गावभागात राहतो. 2019 च्या पुरानंतर आमचा लँडलाइन परत लागलाच नाही. दुसऱ्या दोन कंपन्यांना फोन केला, तर म्हणे तुमच्या भागात फीजिबिलिटी नाही, म्हणजे लाइन देता येणार नाही. खांबावर वायर एकाचीच. म्हणून 499 चा प्लॅन आधी 649 झाला, मग 799, आणि आम्ही मुकाट्याने भरत गेलो. मुलगा घरून पुण्याच्या कंपनीचं काम करतो, नेट बंद ठेवून चालत नाही.

अशात वसुलीला येणारा पोरगा म्हणाला, "काका, वर्षाचं एकदम भरा, जुन्या रेटनं बसवून देतो." सहा वर्षं घरी येणारा पोरगा, चहा पिऊन जाणारा. पैसे त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर गेले. पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. त्यात जीएसटी लावलेला, पण 15 अक्षर-आकड्यांचा जीएसटी नंबर कुठेच नाही. नंबर नसेल तर तो कर नव्हे, त्याच्या खिशातली भर. तेव्हाच हात आखडायला हवा होता.

त्याहून वाईट पुढेच. त्याच संध्याकाळी कंपनीचा मेसेज आला : प्लॅन 799, वैधता 30 दिवस. चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचला. फोन केला तर म्हणाला, "सिस्टीमला तसंच दिसतं काका, कशाला टेन्शन घेताय." आणि मी फोन ठेवून जेवायला बसलो! पुढचे तीन महिने दर महिन्याला तोच मेसेज येत होता. एकाचे घ्यायचे आणि दुसऱ्याचा महिना भरायचा, असं त्याचं चाललं होतं. पाचव्या महिन्यात नेटही बंद, त्याचा फोनही बंद.

कंपनी म्हणते, तो आमचा माणूस नाही, फ्रँचायझीचा. फ्रँचायझीवाला म्हणतो, त्याला कधीच काढलं. मग आयकार्ड गळ्यात घालून फिरत होता ते कुणाचं? डिपॉझिटची नोंद नाही, पण राउटर मात्र "कंपनीची मालमत्ता, परत करा". पोलीस ठाण्यात दोन तास बसवून सांगितलं, हा दिवाणी मामला. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावला तर म्हणे, पैसे तुम्हीच पाठवलेत ना? 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर डॉकेट नंबर मिळाला, आणि तेवढ्यावरच तक्रार "निकाली". ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरचं सरकारी नियामक मंडळ, एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेतच नाही, कंपनीकडेच जा, तिथं नाही झालं तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे. म्हणजे चोराच्या घरी चोराचीच फिर्याद. दर ठरवायलाही कंपन्या मोकळ्या, मग गल्लीत एकच वायर असल्यावर विचारणार कोण?

आठ महिन्यांचे 4,719 आणि डिपॉझिट 1,500, मिळून 6,219 बुडाले. आणि आता त्याच कंपनीला महिना 943 भरतोय, कारण वायर तीच!

पैसे कंपनीच्या अ‍ॅपवरच भरा, ओळखीच्या पोराच्या नंबरवर नको. डिपॉझिटची वेगळी पावती घ्या. गावभागात आणखी कुणी वर्षाचे भरले असतील तर ते 30 दिवसांचे मेसेज पुसू नका. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही. मी अर्ज लिहायला घेतलाय, एकत्र जाऊ.