न्यायालयाजवळचे झेरॉक्सचे दुकान आणि माझ्या भावाची फाइल

चिपळुणात न्यायालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर झेरॉक्स, टंकलेखन आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारे एक छोटेसे दुकान आहे. दुकानाचे नाव मी लिहीत नाही, कारण ते चालवणाऱ्या काकींनी तशी विनंती केली. परंतु त्या रस्त्यावर कोणालाही ‘अपघाताचे कागद करणाऱ्या काकी’ असे विचारले की दुकान सापडते. गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुंबई-गोवा महामार्गावर माझ्या धाकट्या भावाच्या मोटारसायकलला ट्रकने धडक दिली आणि रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच तो गेला. त्यानंतरच्या पाच महिन्यांत मी या दुकानात अकरा वेळा गेले. आमच्यासारखी वेळ ज्या घरावर आली असेल त्या घराला उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

अपघाती मृत्यूनंतर घरात दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात, हे मला पूर्वी कधी समजले नव्हते. एकीकडे दहावा, तेरावा, ओटीवर बसलेली माणसे, मुंबईहून आलेले चाकरमानी आणि भिंतीकडे तोंड करून बसलेले वडील. आणि दुसरीकडे प्रथम खबर अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, गाडीचे आरसी बुक, लायसन्स आणि विमा पॉलिसी. यातील प्रत्येक कागदाला कुठे ना कुठे मुदत असते, आणि ती मुदत सुतक संपण्याची वाट पाहत नाही. तेराव्याच्या दिवशी एक अनोळखी गृहस्थ आमच्या अंगणात आले, भरपाईतला शेकडा ठरावीक हिस्सा ठरवून ‘सगळे पाहून देतो’ म्हणाले आणि माझ्या भावजयीपुढे कोरा कागद ठेवून सही मागू लागले. तिने सही केली नाही ती केवळ तिचे हात थरथरत होते म्हणून. सतराव्या दिवशी मी आणि ती गुहागर तालुक्यातील आमच्या गावाहून एसटीने चिपळूणला आलो, तेव्हा आमच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले कागद होते आणि त्यांचे काय करायचे याची काहीही कल्पना नव्हती.

काकींनी पिशवी उघडण्यापूर्वी आम्हाला बाकावर बसवले. “बाय, आधी पाणी पी, मग बघूया,” एवढेच त्या माझ्या भावजयीला म्हणाल्या. अपघात कसा झाला, कोणाची चूक, किती वाजता, हे काहीच त्यांनी विचारले नाही. त्या सतरा दिवसांत ही हकिकत आम्ही इतक्या लोकांना सांगितली होती की ती सांगताना आता आपणच दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगत आहोत असे वाटू लागले होते, म्हणून हे न विचारणे मला फार मोठे वाटले. जे विचारायचे ते कागदांत असते, ते त्या कागदांतून वाचून घेतात.

त्यांची पद्धत अशी आहे. सर्व कागद टेबलावर मांडायचे आणि लोखंडी पट्टी ओळीखाली सरकवत प्रत्येक कागदावरील नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वय आणि गाडीचा क्रमांक एकमेकांशी ताडून पाहायचा. पट्टी पंचनाम्यातील वयापाशी थांबली. “भावाचं वय किती गो?” त्यांनी मला विचारले. भाऊ पस्तीस वर्षांचा होता. पंचनाम्यात अडतीस लिहिलेले होते, कारण त्या रात्री घाबरलेल्या आमच्या चुलतभावाने अंदाजाने तसे सांगितले होते. तीन वर्षांच्या या फरकाने काय बिघडते, हे मला पुढे वकिलांनी समजावले. मृताच्या वार्षिक उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करून जी रक्कम उरते तिला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून भरपाई काढतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातील तक्त्यानुसार ३१ ते ३५ या वयोगटाला १६ हा गुणक, तर ३६ ते ४० या वयोगटाला १५ हा गुणक लागतो. म्हणजे घरातल्या माणसाने घाबरून सांगितलेल्या एका आकड्याने त्याच्या मुलीच्या वाट्याचे एक वर्ष कमी झाले असते. काकींनी शाळा सोडल्याचा दाखला शोधून आणायला सांगितला आणि तो फाइलमध्ये सर्वांत वर लावला.

त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट झाली. भावजयीने भावाचे बँकेचे पासबुक सहज म्हणून पिशवीत टाकले होते. काकींनी बोट खाली सरकवत जुन्या नोंदी पाहिल्या आणि वीस रुपयांच्या एका नोंदीवर ते टेकवले. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची वर्षाची वर्गणी होती. ती आधीच्या मे महिन्यात कापली गेली होती, आणि योजनेचे वर्ष १ जून ते ३१ मे असल्यामुळे अपघाताच्या दिवशी ते संरक्षण चालू होते. अपघाती मृत्यूसाठी या योजनेत २ लाख रुपये मिळतात आणि दावा शक्यतो अपघातापासून ३० दिवसांच्या आत बँकेत द्यायचा असतो. आमचे सतरा दिवस गेले होते. काकींनी अर्ज काढून दिला, सोबतचे कागद क्रमाने टाचले आणि आम्हाला लगेच बँकेत पाठवले. ते पैसे सप्टेंबरमध्ये खात्यावर आले आणि मुलीच्या शाळेचे ते वर्ष त्यावर निभावले. ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल त्यांनी पासबुकातील वीस रुपयांची ही नोंद अवश्य शोधावी.

आता दुकानाकडून झालेली एक चूकही सांगते. भावाच्या गाडीच्या विमा पॉलिसीची पहिल्या दिवशी फक्त पहिल्या पानाची प्रत काढली गेली. मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात संरक्षणाची नोंद दुसऱ्या पानावर होती आणि ती आमच्या पुढच्या फेरीत, म्हणजे दहा दिवसांनी, काकींच्या लक्षात आली. गाडी स्वतःच्या नावावर असेल, लायसन्स वैध असेल आणि पॉलिसीत या संरक्षणाचा हप्ता भरलेला असेल, तर मालक स्वतः गाडी चालवताना गेल्यास १५ लाख रुपये मिळतात. हा दावा स्वतःच्याच विमा कंपनीकडे करायचा असतो आणि ट्रकवाल्याविरुद्धच्या दाव्याशी त्याचा संबंध नसतो, हे आमच्या गावात कोणालाच ठाऊक नव्हते. काकींनी चूक मान्य केली आणि तेव्हापासून पॉलिसीची सर्व पाने दोन्ही बाजूंनी काढायची असा नियम दुकानातील मुलाला घालून दिला. पण ते दहा दिवस आमचे गेलेच.

शवविच्छेदन अहवालाबद्दल मात्र सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही. हा कागद प्रत्येक ठिकाणी लागतो. बँकेत, विमा कंपनीत, अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, सगळीकडे त्याची प्रत द्यावी लागते, आणि प्रत्येक वेळी तो पिशवीतून काढताना घरच्या माणसाची नजर त्यावर पडतेच. काकींनी तो हातात घेतला, पालथा केला आणि भावजयीला विचारले, “तुला वाचायचाय काय?” तिने नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी पाठ करून उभे राहत त्याच्या सहा प्रती काढल्या, प्रत्येक प्रत वेगळ्या खाकी पाकिटात घातली, पाकिटावर फक्त ‘अहवाल क्र. ४’ असे लिहिले आणि सांगितले की जिथे मागतील तिथे पाकीटच पुढे करायचे. माझ्या भावजयीने आजपर्यंत तो अहवाल वाचलेला नाही, आणि तो न वाचता तिची सर्व कामे झाली.

दाव्याच्या बाबतीत काकी सल्ला देत नाहीत, वकील सुचवत नाहीत आणि कोणाचे कार्डही ठेवत नाहीत, हे मला विशेष आवडले. कोऱ्या कागदावर आणि न वाचलेल्या वकीलपत्रावर सही करायची नाही, एवढेच त्या बजावून सांगतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो, हे त्यांनी भावजयीला सांगितले आणि रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा अर्ज टंकलिखित करून दिला. मोटार वाहन कायद्यातील २०१९ ची जी दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून या बाबतीत लागू झाली, तिच्यानुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढील अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. काकींनी ती तारीख आमच्या फाइलच्या मुखपृष्ठावर लाल शाईने लिहून ठेवली होती. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी वारस जिथे राहतात तिथल्या न्यायाधिकरणातही दावा लावता येतो. आम्हाला याची गरज पडली नाही, पण मुंबई-पुण्याहून गावी येताना ज्यांचे माणूस वाटेत गेले त्यांना हे ठाऊक असावे.

भाऊ वायरमन होता आणि त्याला पगाराची पावती नव्हती, त्यामुळे उत्पन्नाचा पुरावा हा आमचा सर्वांत कच्चा भाग होता. काकींनी त्याची बिलबुके मागवली. दोन बुके निघाली, दोन्ही त्याच्या हस्ताक्षरात: पंपाची वायंडिंग, देवळातील माळा, शाळेचा मेन स्विच. ती पाने यंत्रात एकेक करून ठेवली जात होती आणि काचेखालून हिरवा उजेड त्याच्या अक्षरांवरून सरकत होता, तेव्हा त्या अकरा फेऱ्यांमधली एकच वेळ मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा काकींनी काही विचारले नाही. काउंटरच्या काचेखाली १४४१६ हा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी होती, तिच्याकडे बोट दाखवले. टेलि-मानस ही मानसिक आधारासाठीची केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा असून ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीत चोवीस तास बोलता येते. वडिलांनी जेवण सोडले होते त्या आठवड्यात मी एका रात्री तिथे फोन केला. पलीकडच्या बाईंनी माझे पूर्ण ऐकून घेतले आणि वडिलांना ‘जेवा’ म्हणण्याऐवजी त्यांच्याजवळ बसून स्वतः जेवायला सांगितले.

दुकानात प्रत्येक कागदाचे तीन संच करतात आणि शिवाय स्कॅन करून पेनड्राइव्हवर देतात. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी नदीचे पाणी दुकानात छातीपर्यंत चढले आणि लोकांचे मूळ कागद लगद्यासारखे झाले, तेव्हापासूनची ही शिस्त आहे. सर्व फायली माळ्याला लागून असलेल्या फळीवर असतात.

गैरसोयी आहेत, त्याही सांगते. दोन पायऱ्या उंच आहेत आणि धरायला कठडा नाही. माझ्या वडिलांना रिक्षातच बसून राहावे लागले. पावसात वीज गेली की इन्व्हर्टरवर एकच यंत्र चालते आणि बराच वेळ थांबावे लागते. रंगीत प्रती फिक्या येतात, त्यामुळे घटनास्थळाची छायाचित्रे आम्हाला फोटो स्टुडिओतून पुन्हा काढून आणावी लागली. यूपीआय घेत नाहीत, सुटे पैसे न्यावेत. दर वाजवी आहेत आणि प्रत्येक कामाची छापील पावती मिळते. काकींनी आमच्याकडून कधी जास्त घेतले नाही आणि दया म्हणून कमीही घेतले नाही; त्यामुळे भावजय तिथे कधी ओशाळली नाही आणि पुढच्या फेऱ्यांना एकटीच जाऊ लागली.

दावा ऑक्टोबरमध्ये, मुदतीच्या आत दाखल झाला. मागच्या महिन्यात मी मूळ बिलबुके परत आणायला गेले, तेव्हा पावसाने भिजू नयेत म्हणून त्यांनी ती दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, दोरीने बांधून, वर भावाचे नाव लिहून ठेवलेली होती. दुकान सकाळी दहा ते दोन आणि दुपारी चार ते आठ या वेळात उघडे असते. न्यायालयाच्या कामकाजाच्या दिवशी अकरानंतर गर्दी होते, म्हणून अपघाताची फाइल घेऊन जाणाऱ्यांनी दहालाच पोहोचावे आणि पासबुक, शाळेचा दाखला व पॉलिसीची सर्व पाने पहिल्याच फेरीत न्यावीत.