नळाची जाळी: बेसिनला पास, बादलीला नापास

एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाला फिरवून बसवायची, अंगठ्याच्या पेराएवढी जाळी. ती पाण्यात हवा मिसळते, धार फेसाळ आणि भरलेली दिसते, पण पाणी कमी पडतं. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीची मी चार वर्षं खजिनदार आहे. टँकरचं बिल दर महिन्याला माझ्या सहीने जातं, त्यामुळे ही खरेदी हौसेची नव्हती.

कल्पना मुलीची. ती बंगळूरूला राहते. 2023 चा पाऊस तिकडे दगा देऊन गेला, बोअरवेल आटल्या, आणि 2024 च्या मार्चमध्ये तिथल्या जलमंडळाने मॉल, हॉटेलं, अपार्टमेंट यांना नळांना एरेटर बसवायची सक्ती केली. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर 5,000 रुपये दंड. फोनवर ती म्हणाली, "आई, तुम्ही मे महिन्यात काय करता गं?" काय करणार, टँकर मागवतो! त्याच वर्षी मुंबई महापालिकेने 30 मेपासून 5 टक्के आणि 5 जूनपासून 10 टक्के पाणी कापलं. ठाण्याला त्यांच्याकडून जे पाणी येतं, त्यालाही ती कपात लागली. त्या आठवड्यात मी तीन जाळ्या मागवल्या.

आल्या त्यातली एक बसेचना. प्लंबर म्हणाला, "काकू, तुमच्या नळाला आतून आटे आहेत, ही बाहेरून आटे असलेल्या नळाची." मग नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले, तिथे आतल्या-बाहेरच्या दोन्ही आट्यांची मिळाली, पण फोडलेलं पाकीट परत घेणार नाही असं त्याने आधीच बजावलं. तेव्हा घेण्याआधी नळाची जुनी जाळी काढून खिशात घालून न्या. जुन्या साध्या तोटीला आटेच नसतात, तिथे हा प्रकार बसतच नाही.

बसवल्यावर लिटरचं माप आणि मोबाइलवरचं घड्याळ घेऊन उभी राहिले. बेसिनचा नळ पूर्ण सोडला तर आधी मिनिटाला 11 लिटर पडायचे, आता जेमतेम 4. हात धुताना, दात घासताना फरक जाणवतही नाही. आमचे हे दाढी करताना नळ चालू ठेवतात. लग्नाला 31 वर्षं झाली, सांगून ती सवय गेली नाही, जाळीने निदान तिचा खर्च उतरवला. सिंकला मात्र 4 लिटरची लावू नका, खरकटं निघत नाही. तिथे 6 लिटरची, मान वळणारी घ्या.

फसले ते बाथरूममध्ये. आमच्याकडे आंघोळ बादलीने. 20 लिटरची बादली आधी दीड मिनिटात भरायची, जाळी लावल्यावर पाच मिनिटं. आणि वाचलं किती? थेंबही नाही. बादलीभर पाणी ते बादलीभरच, हळू भरलं काय नि भसाभसा भरलं काय! ही साधी गोष्ट मला पाकीट फोडायच्या आधी सुचायला हवी होती. कामाच्या मावशींनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "वहिनी, ह्या नळाचं नाक चोंदलंय का?" तिसऱ्या दिवशी त्यांनी जाळी स्वतःच काढून साबणाच्या डबीत ठेवली. बरोबरच केलं.

चोंदण्याचा प्रकार खरा मात्र आहे. पालिकेच्या पाण्यावर जाळी दोन-दोन महिने चालते. बोअरच्या पाण्याचे टँकर सुरू झाले की तीन आठवड्यांत पांढरा थर धरतो आणि धार वाकडी उडते, एकदा तर थेट चष्म्यावर. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवायची, सकाळी जुन्या टूथब्रशने घासायची. आतली जाळी सुटी मिळत नाही, फाटली की सगळंच नवीन, म्हणजे आणखी 180 रुपये.

पैसे किती वाचले ते विचारू नका. आमच्या इमारतीला मीटर एकच, पाण्याचा खर्च फ्लॅटमागे सारखा वाटला जातो. दोन माणसांच्या घराने जाळी लावली तरी तेवढेच, सहा माणसांच्या घराने नळ धो धो सोडला तरी तेवढेच. वार्षिक सभेत घरटी मीटरचा विषय मी दोनदा मांडला, दोन्ही वेळा चहा आधी आला. तरी क्लब हाऊस, वॉचमनची केबिन आणि जिममध्ये मिळून नऊ जाळ्या बसवून घेतल्या. तिथे बादली नाही, नळ नुसता वाहतो, म्हणून तिथे त्या शोभतात.

जुलैअखेर कपात उठली आणि ऑगस्टमध्ये तीन सभासदांनी माझ्याकडून घेतलेल्या जाळ्या परत आणून दिल्या. "आता झाला ना पाऊस!" कॅलिफोर्नियात दुष्काळाच्या काळात बेसिनच्या नव्या नळांना मिनिटाला 1.2 गॅलनची, म्हणजे साधारण साडेचार लिटरची मर्यादा घातली. 2016 च्या जुलैपासून ती लागू झाली आणि पुढे पाऊस झाला म्हणून कुणी काढली नाही. जास्त पाणी सोडणारा नळ दुकानात मिळतच नाही, तर परत कुणाला आणून देणार? आमच्या नाक्यावर जाळी मागितली की दुकानदार आधी विचारतो, "कशाला, प्रेशर कमी करायचंय?"

बेसिनसाठी 5 पैकी साडेचार तारे, सिंकसाठी साडेतीन. बाथरूमची अजून साबणाच्या डबीत आहे, आतल्या आट्यांची. कुणाला बसत असेल तर फुकट घेऊन जा.