कमी ग्लुटेनचे कम्युनियन वेफर : जरूर घ्या

मला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतडं बिघडण्याचा आजार, म्हणून गहू वर्ज्य. आणि मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, कम्युनियन म्हणून देतात ती भाकर, म्हणजे हा पातळ वेफर, गव्हाचीच लागते. ग्लुटेन अजिबात नसलेला वेफर वैध नाही, अगदी कमी ग्लुटेनचा चालतो, असं रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्यालयाने, 2003 मध्ये स्पष्ट केलं. हे वेफर त्या नियमात बसतात. मला त्रास झालेला नाही. तरी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. वेफर फार पातळ आहेत, पाकिटातच कडा तुटतात. पॅकिंग सुधारायला हवं.

खरी अडचण वाढताना येते. माझा वेफर झाकणाच्या वेगळ्या डबीत हवा. इतरांच्या ताटलीत ठेवला की गव्हाचे कण लागून सगळं फुकट. धर्मगुरू द्राक्षारसाच्या प्याल्यात भाकरीचा तुकडा टाकतात, म्हणून प्यालाही वेगळा. एका चर्चमध्ये हे सांगितलं तर उत्तर मिळालं, "मग नका घेऊ." फार लागलं ते. बाप्तिस्मा झालेल्या माणसाला पोटाच्या आजारापायी प्रभूच्या मेजावरून परत पाठवणं मला मुळीच मान्य नाही. काही प्रोटेस्टंट चर्चमध्ये सगळ्यांनाच बिनग्लुटेनची भाकर देतात, कुणाला वेगळं काढावंच लागत नाही. किती बरं वाटतं!

डबीवर नाव लिहून मिस्सेआधीच सॅक्रिस्टीत, म्हणजे चर्चमधल्या तयारीच्या खोलीत, नेऊन द्या.